क्वालालंपूरमधली सुखाची वर्षं

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मराठी मंडळींत विभावरी देवस्थळीविषयी एक गोष्ट सर्वांना मान्य होती: क्वालालंपूरला ती फार सुखात होती. या समजुतीला पुरावा भरपूर होता. सत्ताविसाव्या मजल्यावरच्या घराचे फोटो होते, निळ्या तरणतलावाचे होते, मंडळाच्या गणपतीपुढे हिरव्या नऊवारीत हसणाऱ्या विभावरीचे होते. मिरजेत सासरी, नाशकात माहेरी आणि नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकत्र डबा खाणाऱ्या मंडळींतही त्या सुखाच्या हकिकती ठाऊक होत्या. सगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, की त्यांना ती कुणी सांगितली हे विचारायला हवे. इथे ते कुणी विचारले नाही. विचारले असते, तर सगळ्या वाटा एकाच माणसाशी येऊन थांबल्या असत्या, आणि ते माणूस म्हणजे स्वतः विभावरी.

ती मूळची नाशिकची, रसायनशास्त्राची पदवीधर. पुण्यात एका औषधाच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीचे काम करत असताना चारुदत्तशी तिचे लग्न झाले. चारुदत्त रुग्णालयांतली मोठी यंत्रे बसवणारा अभियंता. २०१४ साली त्याची बदली क्वालालंपूरला झाली, तेव्हा त्यांची मुलगी अन्वी चार वर्षांची होती. विभावरीने राजीनामा दिला. तिच्या पासपोर्टवर जो परवाना चिकटला, त्यानुसार ती नवऱ्यावर अवलंबून होती आणि तिला नोकरी करता येणार नव्हती. तो मजकूर तिने एकदा नीट वाचला आणि पुन्हा कधी उघडून पाहिला नाही.

निघण्यापूर्वी सासूबाईंनी, म्हणजे सुधाताईंनी, तिला जवळ बसवून एक रीत सांगितली होती. त्यांचे धाकटे दीर पूर्वी मस्कतला होते. तिथून एकदा त्यांचा रडवेला फोन आला आणि मिरजेच्या घरात आठवडाभर कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. दीर दुसऱ्याच दिवशी सावरले होते, पण ते कळवायचे त्यांच्याकडून राहून गेले. "म्हणून सांगते विभा," सुधाताई म्हणाल्या होत्या, "फोन लावला की आधी 'सगळं छान' म्हणायचं. बाकीचं मागाहून."

विभावरीने ही रीत इतकी चोख पाळली, की बाकीचे सांगायची पाळीच आली नाही. दर रविवारी ती फोन लावी, अन्वीला पुढे करी, खिडकीतून दिसणारे जुळे मनोरे दाखवी, बाजारात रंबुतान आल्याचे सांगी. चारुदत्त आठवड्यातले चार दिवस जाकार्ता किंवा मनिलाला असे. शुक्रवारी तो परते तेव्हा त्यालाही तेच उत्तर मिळे. "कसा गेला आठवडा?" "मजेत." दमून आलेल्या माणसाला दुसरे काय सांगायचे, असे तिला वाटे. पुढे पुढे त्या उत्तराची तिला इतकी सवय झाली, की ते देताना विचार करावा लागत नसे.

२०१९ मध्ये ते एर्लांगेनला आले. पहिल्याच हिवाळ्यात विभावरीच्या वरच्या दाताचा तुकडा पडला. दंतवैद्याने त्यावर कवच बसवायचे ठरवले आणि रंग जुळवण्यासाठी तिला थेट प्रयोगशाळेत पाठवले, तशी तिथे पद्धतच आहे. खिडकीजवळच्या खुर्चीत तिला बसवून एका बाईने पांढऱ्या रंगाच्या नमुन्यांची माळ एकेक करून तिच्या दाताशी धरून पाहिली. पांढऱ्यात इतके प्रकार असतात हे विभावरीला माहीत नव्हते. तिने मोडक्या जर्मनमध्ये विचारले, की कवच भट्टीत भाजल्यावर हा रंग बदलत नाही का. ती बाई, फ्राउ लिंडनर, प्रयोगशाळेची मालकीण होती. तिने नमुने खाली ठेवले आणि अर्धा तास तिला भट्टी दाखवली.

त्यानंतर भाषेचे वर्ग झाले, एक आठवड्याची उमेदवारी झाली, आणि २०२२ च्या सप्टेंबरात, चाळिशी पार केल्यावर, विभावरी त्याच प्रयोगशाळेत दंततंत्रज्ञाची शिकाऊ म्हणून रुजू झाली. साडेतीन वर्षांचे हे शिक्षण. काही दिवस प्रयोगशाळेत काम, काही दिवस न्युर्नबर्गला शाळा. वर्गातली बाकीची मुले अन्वीहून थोडी मोठी. पहिल्या दिवशी त्यांनी तिला शिक्षिका समजून नमस्कार केला होता.

शेवटची परीक्षा येत्या जानेवारीत होती. बातमी आली ती ऑक्टोबरात.

सुधाताई तीन महिन्यांसाठी राहायला आल्या होत्या. सोमवारी रात्रीच्या जेवणाला चारुदत्तने ताटावर बसल्या बसल्या सांगितले, "क्वालालंपूर. परत. या खेपेला सगळ्या विभागाचा प्रमुख म्हणून. नवीन वर्षात हजर व्हायचं."

"तेच घर मिळेल का रे?" सुधाताईंनी विचारले.

"त्याहून मोठं."

"आणि घरकामाला होती ती सुमी? काय हात होता पोरीचा. महिनाभरात पुरणपोळी शिकली होती."

"सुमी तिच्या गावी गेली, आई. दुसरी कुणी मिळेल."

"माझे गुडघे तिथं एकदाही दुखले नाहीत. इथे सप्टेंबर सरला की माणसानं पांघरुणातून बाहेर येऊ नये. आणि ही विभा बघ, उजाडायच्या आत सायकल दामटत निघते. कशासाठी, तर लोकांचे दात घडवायला." सुधाताई सुनेकडे वळल्या. "सुटलीस बाई एकदाची."

"बघू," विभावरी म्हणाली.

"बघायचं काय त्यात?" चारुदत्त हसला. "शुक्रवारपर्यंत कळवायचंय. मी जवळजवळ हो म्हणून ठेवलंय."

"जवळजवळ म्हणजे?"

"म्हणजे हो म्हटलंय. लेखी द्यायचं राहिलंय."

"नाइन," अन्वी ताटातून मान वर न करता म्हणाली, आणि पुढे जर्मनमध्ये बरेच काही बोलली.

"काय म्हणाली?" सुधाताईंनी विचारले.

"नाही म्हणाली," चारुदत्त म्हणाला.

"ते कळलं मला. बाकीचं काय?"

"दहावीचं वर्ष आहे, हँडबॉलची टीम आहे, मैत्रिणी आहेत. आणि मला विचारल्याशिवाय ठरवलंत कसं, असं."

विभावरीने आमटी वाढली. मुलगी बोलली ते बरे झाले, असे तिला वाटले. पोरीचे शिक्षण मध्येच तोडू नये, हे कारण कुणालाही पटण्यासारखे होते. आपल्याला तोंड उघडावे लागणार नाही, हा हिशेब तिने वाढता वाढताच केला होता, आणि तो तिला पूर्ण उमगला होता.

तरी त्या रात्री, दोघेच असताना, तिने एक प्रयत्न केला. सासूबाईंसमोर ती नवऱ्याला अहो म्हणे. एकांतात तो चारू होता.

"चारू, माझ्या परीक्षेचं काय?"

"पुढच्या वेळी देता येईल की. दोन-तीन वर्षांनी परत आलो की." तो पलंगाच्या काठावर बसून मोजे काढत होता. "विभा, तिथं तुला काहीही करावं लागणार नाही. घरात माणूस, गाडी, ड्रायव्हर. इथे तुझे हात बघ काय झालेत साच्यांच्या प्लास्टरनं. मला वाईट वाटतं."

"मला इतकं सोपं नाही ते."

"अगं, विमानतळावर रडली होतीस तू. मी विसरलो नाही. तेव्हाच ठरवलं होतं, की तुला कधी तरी परत न्यायचं."

तो हे मनापासून बोलत होता, यात शंका नव्हती. विभावरीने दिवा घालवला.

बुधवारी प्रयोगशाळेत फ्राउ लिंडनर तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. एका दाढेवर विभावरी पोर्सेलीनचे थर चढवत होती.

"परीक्षेला तुमचं नाव गेलं," ती म्हणाली. "आणि दुसरं. हेर क्रेमर उन्हाळ्यात निवृत्त होतायत. त्यांची जागा मी बाहेरून भरणार नाही. पास झालात तर तुमची. चालेल?"

"जा," विभावरी म्हणाली. हो म्हणण्यासाठी जर्मनमध्ये इतकेच लागते.

"मग चेहरा असा का? न सुकलेल्या प्लास्टरसारखा दिसतोय."

"काही नाही. घरी सासूबाई आहेत."

"आल्झो, असं होय," फ्राउ लिंडनर म्हणाली, जणू यात सगळे आले, आणि निघून गेली. विभावरीने कुंचला पुन्हा ओला केला. एकाच आठवड्यात दोन माणसांना दोन विरुद्ध गोष्टींसाठी होकार गेले होते. त्यातला एक तिने स्वतः दिला होता आणि दुसरा तिच्या नावाने दिला गेला होता. खरा कुठला, हे ठरायला शुक्रवार उजाडायचा होता.

गुरुवारी संध्याकाळी चारुदत्तने लॅपटॉप टीव्हीला जोडला. अन्वीला राजी करायचे होते आणि त्यासाठी त्याने जुने फोटो काढले होते. सुधाताई शाल गुंडाळून सोफ्यावर बसल्या. विभावरी शेंगदाण्याच्या कुटाचा डबा भरत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"हे बघ तुझं शाळेतलं स्नेहसंमेलन. हा तुझा तो कोरियन मित्र. हे आपण लंकावीला गेलो होतो ते." चारुदत्त एकेक फोटो पुढे सरकवत होता. "तिथली शाळा इंग्रजीत. वर्ष वाया जाणार नाही, मी विचारलंय. हँडबॉल नाही, पण पोहणं आहे, बॅडमिंटन आहे. दोन वर्षं. मग युनिव्हर्सिटीला परत इकडेच ये."

अन्वी सोफ्याच्या हातावर बसून पाहत राहिली. कोरियन मित्राच्या फोटोला तिला हसू आले. मग तिने जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटत खांदे उडवले.

"काय म्हणाली?" सुधाताईंनी विचारले.

"म्हणाली, तसं बघितलं तर काय हरकत आहे." चारुदत्तने आईच्या गुडघ्यावर थाप मारली. "झालं. सगळे तयार."

विभावरीने डब्याचे झाकण लावले. आता तिच्या वतीने नाही म्हणायला कुणी उरले नव्हते. पडद्यावर तरणतलावाचा फोटो होता. त्यात ती पाण्यात उभी होती, कडेवर अन्वी, दोघी हसत होत्या.

"हा बघ," सुधाताई म्हणाल्या. "असा चेहरा इथे आल्यापासून एकदाही दिसला नाही हिचा."

"हा फोटो कुणी काढला माहीत आहे?" विभावरी म्हणाली.

"मीच असेन," चारुदत्त म्हणाला.

"तू मनिलाला होतास. तलाव साफ करणाऱ्या माणसानं काढला. मी त्याला विनंती केली. त्या दिवशी दुपारभर तिथं दुसरं कुणी नव्हतं. त्याच्याआधी चार दिवस मी अन्वी आणि सुमी सोडून कुणाशी बोललेही नव्हते."

सासूबाईंनी 'तू' ऐकला आणि मान वळवली. चारुदत्तने पुढचा फोटो आणला, बहुधा विषय बदलावा म्हणून. तो गणपतीचा होता.

"ही मीनल," विभावरी टीव्हीजवळ गेली. "हिच्याशी माझं जमलं होतं. पुढच्या जूनमध्ये तिच्या नवऱ्याची बदली झाली. ही तिच्या आधीच गेली. या दोघी वर्षभरात. तिथं जून आला की सामान नेणारे ट्रक यायचे आणि अर्धी बिल्डिंग रिकामी व्हायची. पुढच्या गणपतीला या फोटोतली मी एकटी होते. तेव्हाही फोटो काढला. तो पण आहे बघा, साडी हीच आहे."

"तुला मैत्रिणी होत्या की," चारुदत्त म्हणाला. "तूच सांगायचीस."

"पुढचा लाव."

त्याने लावला. पाच वर्षांची अन्वी, लांब बाह्यांचा जांभळा फ्रॉक, हातात तीन फुगे.

"हा मला चांगला आठवतो," सुधाताई म्हणाल्या. "मी मोठा करून मागवला होता. मिरजेला अजून भिंतीवर आहे."

"तिच्या बाह्या बघा, आई. त्या उकाड्यात मी तिला लांब बाह्या का घातल्या असतील?"

सुधाताई पडद्याकडे झुकल्या.

"डेंग्यू झाला होता तिला. आदल्या दिवशी हॉस्पिटलमधून घरी आणलं. दोन्ही हात सुयांनी काळेनिळे होते. प्लेटलेट इतक्या खाली गेल्या होत्या, की डॉक्टरनं मला बाहेर बोलावून खुर्चीत बसवलं आणि मग सांगितलं. सुमीनं डबे आणले, सुमीच माझ्याजवळ बसून राहिली. रविवार होता म्हणून मी हा फोटो काढून तुम्हाला पाठवला."

"तू मला ताप आहे म्हणालीस," चारुदत्तचा आवाज एकदम बारीक झाला. "उतरतोय म्हणालीस."

"हो."

"मी पुढच्या विमानानं आलो असतो."

"आला असतास. पण त्या खेपेला तू दोन आठवडे सलग जाकार्तालाच होतास, तुझं ते मोठं यंत्र अर्धवट बसवलेलं होतं. मला वाटलं, उगाच कशाला." ती थांबली. "तू विचारलं नाहीस, असं मी म्हणणार नाही. दर शुक्रवारी विचारायचास. मीच मजेत म्हणायचे. ही माझी चूक आहे, चारू, तुझी नाही. पण आता त्या मजेच्या भरवशावर तू मला परत तिथं नेतोयस."

"मग विमानतळावर रडलीस कशाला?"

"पाच वर्षं राहिले आणि निरोप द्यायला सुमी सोडून कुणी नव्हतं. म्हणून."

सुधाताईंनी शाल सारखी केली. "म्हणजे पाच वर्षं तू मला खोटं सांगत होतीस."

"हो, आई."

"पोरगी हॉस्पिटलात असताना?"

"हो."

"इश वाइस नोख," अन्वी हळूच म्हणाली, आणि मग, आजीला कळावे म्हणून असेल, मराठीत म्हणाली, "मला आठवतं. सुमी गाणं म्हणायची."

विभावरीने टीव्हीकडे पाठ केली. "मी येणार नाही. तू गेलास तर मी अडवणार नाही, इथून अन्वीचं सगळं बघेन. पण जानेवारीत मी परीक्षा देणार, आणि नंतर फ्राउ लिंडनरकडेच नोकरी करणार. मला जागा देतायत. ती मला हवी आहे."

इतके बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने कणीक मळायला घेतली. पाणी जास्त पडले आणि आणखी पीठ घ्यावे लागले. त्या रात्री गरजेपेक्षा खूप पोळ्या झाल्या.

शुक्रवारी चारुदत्तने नकार कळवला. एकट्याने जाण्याचा विचार त्याने केला होता का, हे त्याने सांगितले नाही. पुढे ती जागा म्युनिकच्या एका सहकाऱ्याला मिळाली. चारुदत्तने ही बातमी घरी दिली, तेव्हा आवाज शक्य तितका सरळ ठेवला होता. त्याने त्याग केला, असे नंतर काही जणांनी म्हटले. त्याला स्वतःला तो शब्द आवडला नाही. तो रागावलेला होता, आणि कुणावर हे ठरत नव्हते. शनिवारचा सगळा दिवस त्याने तळघर आवरण्यात घालवला. आवरण्यासारखे तिथे फारसे नव्हते.

सुधाताई सुनेशी बोलत नव्हत्या. जे सांगायचे ते अन्वीमार्फत चाले.

"अन्वी, तुझ्या आईला सांग, भाजीत मीठ कमी आहे."

"मामा, झाल्त्स," अन्वी सांगे; जर्मनमध्ये आई म्हणजे मामा आणि मीठ म्हणजे झाल्त्स.

"सांगितलंस का?"

"गेनाऊ," अन्वी म्हणे, म्हणजे 'अगदी बरोबर'.

"हे काय उत्तर झालं?"

रविवारी दुपारी अन्वी सामन्याला गेली आणि निरोप पोहोचवायला कुणी उरले नाही. विभावरी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सराव करत होती. हिरव्या मेणाच्या ठोकळ्यातून कोरून दाढ काढायची, हा परीक्षेचा एक भाग होता. सुधाताई बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या. मग समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"मला पोरीच्या तापाचं कळवायला हवं होतंस."

"हो."

"मी मिरजेत बसून काय करणार होते म्हणा. देव पाण्यात घातले असते फार तर. पण कळवायला हवं होतंस."

"हो, आई. चुकलं माझं."

"मीच सांगितलं होतं आधी छान म्हणायला." त्या वर्तमानपत्राची कड सरळ करत राहिल्या. "बाकीचं मागाहून सांग, असंही सांगितलं होतं की."

"सांगितलं होतंत."

विभावरीने कोरणी पुन्हा मेणाला लावली. तळघरातून चारुदत्त वर आला, हात धुऊन पुसत दारात थांबला, पण आत आला नाही.

"हे नक्की काय करतेस तू?" सुधाताईंनी विचारले. "तीन वर्षं ऐकतेय, दात करते, दात करते. कवळी करतेस का?"

"कवळीही करते. पण ही खालची दाढ आहे. हे उंचवटे दिसतायत? वरच्या दाढेचा उंचवटा या खळग्यात बसतो. नीट बसला तर चावता येतं. थोडा जरी चुकला, तर माणसाचा जबडा दुखायला लागतो आणि का दुखतोय ते त्याला कळत नाही."

"दाखव." सुधाताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मेणाची दाढ चिमटीत धरून उजेडाकडे नेली. "छान झालीये की."

"नाही झालेली," विभावरी म्हणाली. "हा उंचवटा बघा, आतल्या बाजूचा. जास्त कापला गेलाय. फ्राउ लिंडनरनं अशा दोन परत केल्या परवा. ही पण परत करेल."

"मग?"

"मग नवीन करायची."

सुधाताईंनी दाढ तिच्या हातात परत दिली आणि मेणाचा दुसरा ठोकळा तिच्यासमोर सरकवला.